घरचा बिटकॉइन नोड आणि बंद पोर्ट: गाडं नेमकं कुठल्या दारात अडलंय?

बिटकॉइनचा नोड, म्हणजे त्या जाळ्यातला घरचा तपासनीस संगणक, सुरू करून नऊ दिवस झाले होते. अख्खी ब्लॉकचेन, म्हणजे आजवरच्या सगळ्या व्यवहारांची वही, उतरली होती, पडताळणी झाली होती, पंखा शांत झाला होता. पीअर्सच्या, म्हणजे जोडलेल्या इतर नोडच्या, यादीत मात्र आउटबाउंड (आपण बाहेर केलेल्या जोडण्या) १० आणि इनबाउंड (बाहेरून आलेल्या) ०. बाहेरून कुणीच येत नव्हतं. मग तीन संध्याकाळी मी राउटरच्या पानावर ८३३३ पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नोडनी आत येण्याचा ठरलेला क्रमांक, उघडत बसलो. नियम टाक, सेव्ह कर, रीस्टार्ट कर, तपास, पुन्हा बंदच. कॉल सेंटरला फोन केला तर, "सर, आमच्याकडून सगळे पोर्ट ओपन आहेत, एकदा मॉडेम बंद करून चालू करा." चौथ्या दिवशी शेजाऱ्यांची तुटलेली फायबर जोडायला एक मुलगा आला होता, त्याला सहज विचारलं. त्यानं माझ्या फोनवर दोन आकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे पब्लिक आयपीच नाहीये. पोर्ट उघडणार कुठून?"

पब्लिक आयपी म्हणजे बाहेरच्या जगाला थेट गाठता येणारा घराचा इंटरनेट पत्ता. जे दार माझ्या घरात नव्हतंच, त्याच्या कड्या मी तीन दिवस काढत होतो. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या मार्गदर्शकांपेक्षा उलटा आहे. ते राउटरपासून सुरू करतात, आपण सर्वांत लांबच्या दारापासून सुरू करू.

आधी ठरवा, हे करायचंच आहे का?

पोर्ट बंद असला तरी तुमचा नोड अपुरा ठरत नाही. बिटकॉइन कोअर, म्हणजे नोड चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःहून बाहेर १० जोडण्या करतं. त्यातल्या ८ पूर्ण असतात आणि २ फक्त ब्लॉकसाठी. या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही. प्रत्येक ब्लॉक आणि प्रत्येक व्यवहार नोड स्वतः तपासतो. तुमचं वॉलेट त्याला जोडलेलं असेल तर तुम्हाला दुसऱ्या कुणावर विसंबावं लागत नाही. नोड चालवण्याचं मुख्य कारण हेच असेल, तर लेख इथंच मिटवून चहा ठेवायला हरकत नाही.

उघडा पोर्ट लागतो तो इतरांसाठी. कुणी नवा माणूस आज नोड सुरू करतो, तेव्हा त्याला जुने ब्लॉक देणारा आणि त्याची जोडणी स्वीकारणारा कुणीतरी हवा असतो. बिटकॉइन कोअरमध्ये एकूण जोडण्यांची मूळ मर्यादा १२५ आहे. आपल्या बाहेर जाणाऱ्या वजा केल्या तर शंभराहून जास्त जागा पाहुण्यांसाठी उरतात. याचे पैसे मिळत नाहीत. गावच्या विहिरीवर एक जास्तीचा रहाट बसवण्यासारखं हे काम आहे. तुम्हाला ते करावंसं वाटत असेल तर पुढे चला.

इथेरियमचं थोडं वेगळं आहे. तिथं पीअर शोधण्याचं काम यूडीपीवर (इंटरनेटवर माहिती पाठवायची एक पद्धत, टीसीपी ही दुसरी) चालतं आणि पोर्ट बंद असेल तर पीअर मिळायला वेळ लागतो, टिकतही कमी. व्हॅलिडेटर, म्हणजे नाणी गहाण ठेवून ब्लॉकवर मत देणारा नोड, चालवणाऱ्याला हे जाणवतं.

कुठल्या नाण्याला कुठला पोर्ट

बिटकॉइनला ८३३३ टीसीपी. लाइटनिंगला (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं जाळं) ९७३५. मोनेरोला १८०८०. लाइटकॉइनला ९३३३ आणि डोजकॉइनला २२५५६. इथेरियममध्ये गेथ या नोडच्या सॉफ्टवेअरला ३०३०३, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. सोबत लाइटहाउस हे जोडीचं सॉफ्टवेअर असेल तर ९००० हाही दोन्हींवर. इथेरियमवाले बहुतेकदा टीसीपीचा नियम टाकतात आणि यूडीपी विसरतात. (मी अंक मराठीत लिहितोय, यंत्रात अर्थातच इंग्रजी अंक टाकायचे.)

आणि हे पोर्ट कधीही, कुणीही सांगितलं तरी, बाहेर उघडायचे नाहीत: बिटकॉइनचा ८३३२, गेथचे ८५४५ आणि ८५५१, लाइटनिंगच्या एलएनडी या सॉफ्टवेअरचा १०००९. हे नोडला हुकूम सोडण्याचे पोर्ट आहेत. ८३३२ आणि ८३३३ यांत एका अंकाचा फरक आहे. रात्री साडेअकराला डोळ्यांवर झापड असताना चुकीचा अंक पडू शकतो, म्हणून सेव्ह करण्याआधी तो एकदा मोठ्यानं वाचा.

तीन दारं

बाहेरची जोडणी तुमच्या नोडपर्यंत येताना तीन दारांतून जाते. आतून मोजलं तर पहिलं तुमच्या संगणकाचं फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारा. दुसरं कंपनीनं घरात भिंतीवर लावलेली फायबरची पेटी. तिला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, बोलताना आपण सगळे मॉडेमच म्हणतो. तिसरं दार इंटरनेट कंपनीच्या केंद्रात.

या दारांवरचा वॉचमन एकाच पद्धतीनं वागतो. सोसायटीतला माणूस बाहेर जाऊन काही मागवून आला असेल, तर त्याचं पार्सल आत सोडतो. ओळखदेख नसलेला माणूस आपणहून आला तर, "कुणाकडे जायचंय? नाव रजिस्टरमध्ये नाही," म्हणून परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या रजिस्टरमध्ये, "८३३३ विचारत कुणी आलं तर अमुक खोलीत पाठव," अशी नोंद करणं. पहिल्या दोन दारांचे वॉचमन तुमचं ऐकतात. तिसऱ्याचा पगार तुम्ही देत नाही.

पायरी पहिली: तिसरं दार तपासा

याला पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

फोन घरच्या वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही. ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं इंग्रजीत शोधून मिळणाऱ्या कुठल्याही साइटवर दिसणारा आयपीव्ही४ पत्ता (ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे) लिहून घ्या. मग पेटीचं पान उघडा. त्याचा पत्ता पेटीच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काही. युजरनेम-पासवर्डही तिथंच. आत "स्टेटस" किंवा "वॅन" असं पान सापडेल. तिथं लिहिलेला वॅनचा, म्हणजे पेटीच्या बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा.

दोन्ही पत्ते एकच असतील तर तुम्ही नशीबवान. तुमच्याकडे स्वतःचा पब्लिक आयपी आहे. दुसऱ्या पायरीकडे जा.

पत्ते वेगळे असतील आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीनं एकाच पब्लिक पत्त्यामागे बरीच घरं कोंबली आहेत. पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० पासून सुरू होणारे पत्ते देतात, अर्थ तोच. कारण साधं आहे. आयपीव्ही४ मध्ये सगळ्या जगाला मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता. घरोघरी फायबर पोचली ती त्यानंतर, त्यामुळे घराला एक पत्ता देण्याएवढे पत्ते उरलेच नव्हते. यात क्रिप्टोशी वैर वगैरे काही नाही. घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघू पाहणारा आणि मित्रांसाठी गेम सर्व्हर लावणारा, हे दोघंही याच दारात अडतात.

इथं एक फसगत होते. टेलस्केल हे व्हीपीएन वापरणाऱ्यांच्या संगणकावर १०० नं सुरू होणारा पत्ता दिसतो, कारण टेलस्केल तोच राखीव पट्टा वापरतं. तो पाहून घाबरू नका. आपल्याला पेटीच्या पानावरचा वॅन पत्ता हवाय, संगणकावरचा नाही.

आणखी एक शक्यता. कंपनीच्या पेटीमागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल आणि त्याच्या पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल, तर ते दुहेरी नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं ठेवण्याची सोय) आहे, घरातल्या घरातलं. तुमच्या राउटरवर कितीही नियम टाका, वरच्या पेटीला त्याचा पत्ताच नसतो. तपासणी नेहमी फायबर जिच्यात शिरते त्या पेटीवर करा.

पायरी दुसरी: भिंतीवरची पेटी

पब्लिक आयपी असलेल्यांसाठी खरी झटापट इथं. आधी नोडच्या यंत्राला घरातला कायमचा पत्ता द्या. पेटीच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि एक आयपी यांची गाठ बांधायची सोय असते. हे केलं नाही तर लाइट जाऊन आल्यावर नोडचा पत्ता बदलतो आणि ८३३३ वर आलेला पाहुणा टीव्हीच्या दारात जाऊन उभा राहतो.

मग पोर्ट फॉरवर्डिंगचं पान शोधा. काही पेट्यांत याचं नाव "व्हर्च्युअल सर्व्हर" असतं, काहींत "पोर्ट मॅपिंग". बाहेरचा पोर्ट ८३३३, आतला पोर्ट ८३३३, प्रोटोकॉल टीसीपी, आतला आयपी नोडचा. एवढं सगळे करतात. जिथं चुकतं ती ओळ म्हणजे वॅन इंटरफेस. कंपनीच्या पेटीत वॅनच्या जोडण्या एकाहून जास्त असतात: एक इंटरनेटची, एक लँडलाइनची, एक कंपनीच्या देखरेखीची. यादीत कधी देखरेखीची जोडणी सर्वांत वर असते आणि आपोआप तीच निवडली जाते. नावात "इंटरनेट" हा शब्द असलेलीच निवडा. नियम बरोबर असूनही पोर्ट बंद दिसतो तेव्हा मी सगळ्यांत आधी ही ओळ बघतो.

फायरवॉलची पातळी "हाय"वर असेल तर काही पेट्या फॉरवर्डिंगचा नियम असूनही बाहेरची जोडणी टाकून देतात. "मीडियम" किंवा "लो" करून बघा. यूपीएनपीवर (सॉफ्टवेअरनं स्वतःच पेटीत पोर्ट उघडण्याची पद्धत) खूण करा म्हणजे सगळं आपोआप होईल, हा जुना सल्ला विसरा. २०१५ मध्ये यूपीएनपीच्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला, तेव्हापासून बिटकॉइन कोअरनं ते मुळातूनच बंद ठेवलं होतं, आणि २०२५ मधल्या २९.० आवृत्तीत काढूनच टाकलं. आता ते त्याच कामासाठी पीसीपी आणि नॅट-पीएमपी या पद्धती वापरतं. तुमच्या पेटीला त्या येत असतील तर उत्तम, नसतील तर नियम हातानं टाकावा लागतो.

नियम टाकला, चालला, आणि दोन आठवड्यांनी गायब झाला असंही होतं. कंपनी पेट्यांवर दुरून देखरेख ठेवते. त्या पद्धतीचं नाव टीआर-०६९. नवं फर्मवेअर किंवा सेटिंग्जचा नवा संच तिकडून आला की तुमची नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून सगळं चालू लागलं की त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

पेटीत फॉरवर्डिंगचं पानच दिसत नसेल, तर ते बहुधा लपवलेलं आहे. स्टिकरवरचं लॉगिन साध्या ग्राहकाचं असतं, खरी कळ कंपनीच्या लॉगिनमध्ये. इंटरनेटवर अशा पासवर्डच्या याद्या फिरतात. मी त्या वापरायला सांगणार नाही, कारण चुकीचं बटण दाबलं की फायबरची नोंदणीच उडते आणि मग चार दिवस घर बिनइंटरनेटचं. त्यापेक्षा पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून मागा. मग ती फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करते आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरायचं, लॉगिन तुमच्या स्वतःच्या राउटरवर येतं. फोन करताना तीन गोष्टी लिहून घ्या: पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक. लँडलाइन किंवा टीव्ही त्याच पेटीवर असेल तर ब्रिजनंतर ते चालेल का, हेही आधीच विचारा. आमच्याकडे आईचा लँडलाइन बंद पडला आणि नोडपेक्षा त्याचीच चर्चा घरात जास्त झाली.

मोठ्या कंपनीपेक्षा गल्लीतल्या केबलवाल्यामार्फत आलेली जोडणी इथं सोयीची पडते, असा माझा अनुभव आहे. ऑफिसात जाऊन, "दादा, ब्रिज करून देता का," म्हटलं की काम होतं. कॉल सेंटरला आधी ब्रिज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं.

पायरी तिसरी: संगणक, आणि तपासणीतली गोम

उबंटू किंवा डेबियनवर फायरवॉल चालू असेल तर त्याला ८३३३ टीसीपी येऊ द्यायला सांगा. विंडोजवर बिटकॉइन कोअर पहिल्यांदा उघडताना परवानगीची खिडकी येते. तिथं घाईत "कॅन्सल" दाबलेलं असतं, ते जाऊन बदला. कोअरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारण्याची खूण आहे ना, तेही बघून घ्या.

आता तपासणी. पोर्ट तपासणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. बिटकॉइनसाठी बिटनोड्स या साइटवर पत्ता आणि पोर्ट टाकून थेट बघता येतं. मोबाइल डेटावरून तपासत असाल तर हरकत नाही, पण घरच्याच वायफायवरून स्वतःच्या पब्लिक पत्त्यावर जोडून बघू नका. बऱ्याच पेट्यांना घरातून बाहेर जाऊन पुन्हा घरात वळणं जमत नाही. पोर्ट उघडा असूनही बंद दिसतो आणि माणूस आणखी दोन तास वाया घालवतो. तपासताना नोड चालू असायला हवा हे सांगायला नको, पण मी एकदा बंद ठेवून तपासलंय.

उत्तर काय येतं त्यावरून दार ओळखता येतं. "रिफ्यूज्ड" आलं तर जोडणी कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचली, पण तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणजे नोड बंद आहे किंवा नियमात आतला आयपी चुकलाय. "टाइमआउट" आलं तर वाटेत कुणीतरी जोडणी गुपचूप गिळतंय: पेटी, संगणकाचं फायरवॉल किंवा कंपनी.

कंपनी फक्त ८३३३ च अडवतेय असा संशय असेल तर तो पडताळता येतो. बाहेरचा पोर्ट बदलून, समजा २८३३३ ठेवून, तोच नियम करा. तो उघडला आणि ८३३३ बंदच राहिला, तर अडवणूक आकड्याचीच आहे. मग भांडत बसण्यापेक्षा नोडलाच नव्या पोर्टवर ऐकायला सांगा. पूर्वी हे फारसं उपयोगी पडत नसे, कारण इतर नोड वेगळ्या पोर्टकडे जाणं टाळत. २०२२ मधल्या २३.० आवृत्तीपासून ते टाळणं बंद झालं. फक्त एसएसएचचा २२ किंवा मेलचा २५ असे दुसऱ्या कामांसाठी ठरलेले पोर्ट घेऊ नका, त्यांच्याकडे जाणं कोअर अजूनही टाळतं.

आणि सुरुवातीचं डाउनलोड संपेपर्यंत इनबाउंड शून्य असणं साहजिकच आहे. तोपर्यंत नोड स्वतःचा पत्ता कुणाला सांगतच नाही. सांगायला लागल्यावरही पहिला पाहुणा यायला काही तास जातात.

सीजीनॅटमागे असाल तर

आता आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट. रस्ते चार आहेत.

पहिला, पैसे देऊन स्थिर आयपी. काही कंपन्या घरगुती प्लॅनवर महिन्याचं किंवा वर्षाचं शुल्क घेऊन देतात, काही फक्त व्यवसायाच्या प्लॅनवर. विचारताना, "पोर्ट उघडून द्या," म्हणू नका. "स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४ हवाय, सीजीनॅटमधून बाहेर काढा," असं म्हणा. पहिल्या वाक्याला रीस्टार्टचा सल्ला मिळतो, दुसऱ्याला दर मिळतो. पैसे भरण्याआधी येणाऱ्या जोडण्यांवर काही बंदी आहे का, हे लेखी विचारा. इथेरियमचा व्हॅलिडेटर असेल तर मी हाच रस्ता धरेन.

दुसरा, आयपीव्ही६. याच्या प्रसारात भारत जगात पुढे आहे, आणि तुमच्या पेटीवर तो बहुधा आधीच चालू असेल. वॅनच्या पानावर २ नं सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो खराखुरा पब्लिक पत्ता आहे. इथं नॅट नाही, त्यामुळे फॉरवर्डिंगही नाही. फक्त पेटीच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये नोडच्या पत्त्यासाठी ८३३३ ला वाट करून द्यायची. घोडं अडतं ते यावर की अनेक पेट्यांत अशी एकेका पोर्टची सोयच नसते, अख्खं फायरवॉल चालू किंवा बंद एवढंच असतं. ते बंद करू नका. केलंत तर नोडबरोबर घरातला टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर असं सगळं जगासमोर उघडं पडतं. सोय असेल तर मात्र फुकटात काम होतं. यंत्राला तात्पुरता बदलणारा पत्ता न घेता स्थिर पत्ता वापरायला सांगा, एवढी एकच काळजी.

तिसरा, टॉर, म्हणजे पत्ता लपवण्यासाठी जोडणी अनेक संगणकांमधून फिरवणारं जाळं. बिटकॉइनवाल्यांना मी हाच सुचवतो, आणि माझा नोड आज यावरच चालतो. टॉरच्या जोडण्या तुमच्या घरातून बाहेर जातात आणि पाहुणे त्याच वाटेनं आत येतात. त्यामुळे तिन्ही दारांना वाटतं की घरचाच माणूस बाहेर गेलाय. पोर्ट उघडायचा नाही, कंपनीला फोन करायचा नाही. घरचा आयपी पत्ताही जाहीर होत नाही, आणि मला हा फायदा पोर्टपेक्षा मोठा वाटतो. ८३३३ उघडा ठेवला की तुमच्या पत्त्यावर बिटकॉइन नोड चालतो हे कुणालाही दिसतं. नोड चालवणाऱ्याकडे भरपूर नाणी असतीलच असं नाही, पण चोराला ते कोण समजावणार?

डेबियन, उबंटू किंवा रास्पबेरी पायवर टॉर हे पॅकेज बसवा. त्याची सेटिंग्जची फाइल, टॉरआरसी, उघडा. कंट्रोलपोर्ट ९०५१ आणि कुकी ऑथेंटिकेशन अशा दोन ओळी तिथं आधीच लिहिलेल्या सापडतील, फक्त त्यांच्या पुढे हॅशचं चिन्ह असतं. ते चिन्ह काढा, सेव्ह करा, टॉर रीस्टार्ट करा. मग बिटकॉइन ज्या युजरखाली चालतं त्या युजरला टॉरच्या गटात घाला. डेबियनवर त्या गटाचं नाव डेबियन-टॉर. ही पायरी राहिली तर कोअरला टॉरची कुकी (ओळख पटवणारी फाइल) वाचता येत नाही, आणि लॉगमध्ये एक ओळ सोडली तर बाहेर कुठे त्याचा पत्ताही लागत नाही. यातच माझी एक संध्याकाळ गेली होती.

नंतर बिटकॉइन कोअर पुन्हा सुरू करा. येणाऱ्या जोडण्या चालू असतील आणि टॉरचा कंट्रोल पोर्ट मिळाला, तर कोअर स्वतःच ओनियन पत्ता, म्हणजे टॉरमधला नोडचा पत्ता, तयार करतं, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. गेटनेटवर्कइन्फो हा हुकूम दिला की लोकल अॅड्रेसेसच्या खाली ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता दिसेल. बाहेर जाणाऱ्या जोडण्याही टॉरमधून न्यायच्या असतील तर प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१ आणि पोर्ट ९०५० द्या, आणि सोबत लिसन=१ ही ओळही लिहा, नाहीतर प्रॉक्सी दिली की कोअर येणाऱ्या जोडण्या आपोआप बंद करतं. फक्त सुरुवातीचं डाउनलोड टॉरमधून करू नका, बैलगाडीनं मुंबई गाठण्यासारखं होईल. आधी साध्या जोडणीवर ब्लॉक उतरवून घ्या, मग प्रॉक्सी लावा.

अम्ब्रेल किंवा रास्पीब्लिट्झसारखी तयार सामग्री वापरत असाल तर टॉर तिथं आधीच गुंफलेलं असतं, सेटिंग्जमधली खूण तेवढी बघा. लाइटनिंगचा ९७३५ ही असाच टॉरवरून चालतो. मोनेरोलाही टॉरवरून पाहुणे घेता येतात, पण त्याची मांडणी वेगळी आहे. इथेरियमवाल्यांनी मात्र इकडे वळू नये. तिथं शोधाचं काम यूडीपीवर चालतं आणि टॉर यूडीपी वाहून नेत नाही.

चौथा रस्ता म्हणजे भाड्यानं घेतलेला छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी संगणक) आणि वायरगार्ड (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर). घरचा नोड व्हीपीएसकडे बोगदा खणतो, जग व्हीपीएसच्या पत्त्यावर येतं आणि बोगद्यातून नोडपर्यंत पोचतं. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की सीजीनॅट तो बोगदा विसरतं. दुसरी काळजी अशी: व्हीपीएसवर मास्करेड (पाहुण्याच्या पत्त्याजागी व्हीपीएसचा पत्ता लावणं) लावलं तर सगळे पाहुणे नोडला एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. मग एकानं खोडी केली की कोअर तो पत्ता नकोसा ठरवतं आणि जागा कमी पडल्या की त्याच्याबरोबर बाकीच्यांचीही गच्छंती आधी होते. त्याऐवजी फक्त डीनॅट (जिथं पोचायचं तेवढाच पत्ता बदलणं) करा आणि उत्तरं बोगद्यातूनच परत जातील असा मार्ग घरच्या यंत्रावर लावा. हे लिनक्सच्या मार्गांची सवय असलेल्यांचं काम आहे. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस आणि व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपावी लागते. म्हणून हा रस्ता पोर्टसाठी घ्या, नाव लपवण्यासाठी नको.

पाहुणे यायला लागल्यावर

आता अपलोड वाढतो. नवा नोड तुमच्याकडून ब्लॉक मागतो तेव्हा तो शेकडो जीबी मागू शकतो. सगळी ब्लॉकचेन सध्या ७०० जीबीच्या आसपास आहे. "अनलिमिटेड" म्हणवणाऱ्या घरगुती फायबर प्लॅनला बारीक अक्षरांत महिन्याला ३.३ टीबीसारखी मर्यादा असते, ती ओलांडली की वेग उतरतो आणि घरच्यांची मालिका अडकते. कोअरमध्ये मॅक्सअपलोडटार्गेट नावाची सेटिंग आहे, २४ तासांत किती एमबी द्यायचे ते सांगणारी. माझ्याकडे ती ५००० आहे, म्हणजे दिवसाला साधारण ५ जीबी. मर्यादा जवळ आली की नोड जुने ब्लॉक देणं थांबवतो, नवे ब्लॉक देत राहतो.

कंपनीनं पब्लिक आयपीचे पैसे घेऊनही पोर्ट अडवला, तर तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. तिथं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायनं ही दोन पायऱ्यांची व्यवस्था सगळ्यांना बांधून दिली आहे. अर्जात पोर्ट तपासणीचे वेळ-तारखेसह स्क्रीनशॉट आणि वॅन पत्त्याचा फोटो जोडा. २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची (इंटरनेटवरच्या सगळ्या वाहतुकीला समान वागणूक देण्याची) तत्त्वं परवान्यांत आली, त्यांचा उल्लेख एखाद्या ठरावीक पोर्टची अडवणूक दाखवता आली तरच करा. सीजीनॅट सगळ्यांनाच लागू असतं, त्यावर तो मुद्दा टिकणार नाही असं मला वाटतं.

शेवटचं काम विजेचं. पेटीला आणि नोडला छोटा यूपीएस घ्या. लाइट अचानक गेली की फक्त जोडण्या तुटत नाहीत. कधी डेटाबेस बिघडतो आणि कोअर सगळे ब्लॉक पुन्हा तपासायला बसतं. पायवर त्याला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढे दिवस इनबाउंड पुन्हा शून्य.